काळजीवाहू

एक सरकार पडलंय आणि दुसरं अजून बसायचंय, अशा मधल्या दिवसांत खुर्चीवर जो मुख्यमंत्री असतो त्याला काळजीवाहू म्हणतात. त्याने मोठे निर्णय घ्यायचे नसतात, नवी कामं काढायची नसतात. नुसती काळजी वाहायची. आमच्या घरात हे पद मला कळायला लागल्यापासून माझ्याकडे आहे. मध्ये लग्न झालं, मुलगी झाली, पण सत्तांतर काही झालं नाही.

पोटासाठीही मी हेच करतो. हिंजवडीला फेज थ्रीमध्ये एका कंपनीत टेस्टर आहे. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कुठे कुठे आपटू शकेल याची कल्पना करत बसणारा माणूस. गिऱ्हाइकाने वयाच्या चौकटीत उणे सात लिहिलं तर? पैसे भरायचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेले तर? नावाच्या जागी कुणाच्या मांजराने कीबोर्डवर बसकण मारली तर? या ‘तर’चा मला पगार मिळतो. प्रत्येक ‘तर’चं एक तिकीट काढायचं आणि त्याला सेव्हरिटी लावायची. एक म्हणजे आभाळ कोसळलं, चार म्हणजे बटणाचा निळा रंग जरा उडालाय. सतरा वर्षांत माझ्या सेव्हरिटीवर कुणी बोट ठेवलेलं नाही. पण संगणक बंद करून मी बसमध्ये बसलो की डोक्यातले दोन, तीन आणि चार हे आकडे पुसले जातात. गॅस बंद केला होता का? सेव्हरिटी वन. शाळेतून मिस्ड कॉल? सेव्हरिटी वन. (मुलीच्या स्नेहसंमेलनाच्या फ्रॉकचं माप हवं होतं.) आईने आज गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला नाही? सेव्हरिटी वन, आणि लगोलग वाईला फोन.

“अगं, गुलाब नाही आला आज.”

“डेटा संपला होता रे. एवढी काळजी करू नये माणसाने.” आणि फोन ठेवता ठेवता, “बरं, काळजी घे.”

गेली चाळीस वर्षं ही बाई एका दमात मला काळजी करू नको म्हणते आणि घे म्हणते. मी आज्ञाधारक मुलगा आहे. घेतली. आता ठेवायला जागा उरली नाही.

आपल्या भाषेने या विकाराची सोय मात्र उत्तम केली आहे. कंपनीत ॲन्झायटी हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. मराठीत अख्खं शरीर वाटून दिलेलं आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो आणि मनाच्या वाट्याला एक पाल येते, ती चुकचुकते. सगळं निभावलं की जीव भांड्यात पडतो. हे भांडं नेमकं कुठलं, असं लहानपणी मी आईला विचारलं होतं. ती भाकरी थापत होती. “तांब्या असेल,” म्हणाली. माझा जीव त्या तांब्यात पडतोही, पण तांब्याला आतून कल्हई आहे ना, या शंकेने परत बाहेर येतो.

समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते २०५. एका मनाची समजूत घालायला एवढे लागले. आणि समर्थांना गृहकर्ज नव्हतं, मुलीची ॲडमिशन नव्हती, शिवाजी चौकातून उजवीकडे वळायचं नव्हतं.

शिवाजी चौकाचं सांगायलाच हवं, कारण माझ्या आजाराचं निम्मं वय तिथे गेलंय. आमची कंपनीची बस चिंचवडहून निघते. डांगे चौक, भूमकर चौक, मग हा शिवाजी चौक, पुढे विप्रो सर्कल आणि फेज थ्री. अंतर पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. वेळ किती लागतो हे विचारू नये, तो प्रश्न श्रद्धेचा आहे. या रस्त्यावरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली: माण ते शिवाजीनगर, २३ स्थानकं. त्यातल्या काही खांबांची जन्मतारीखही मी सांगू शकेन, इतका वेळ त्यांच्या शेजारी काढलाय. 

अशा अडकलेल्या वेळात मी काहीबाही वाचत असतो. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली एक पुस्तक लिहिलं, वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात काय काय उलथापालथ होते त्यावर. संकट दिसलं की मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, काळीज धावत सुटतं, पोटातलं कामकाज तहकूब होतं आणि रक्त हातापायांकडे वळतं. लढ, नाही तर पळ. हे सगळं त्याने मांजरांवर पाहिलं. मांजर एका चौकटीत बांधायचं, समोर कुत्रा भुंकवायचा आणि मांजराच्या रक्तात काय चढतं ते तपासायचं. म्हणजे पुढून भुंकणं चालू आहे, अंगात पळण्याचं बळ आलंय आणि हलता येत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमची बस भूमकर चौकात चाळीस मिनिटं उभी होती आणि मॅनेजरचे मेसेज येत होते. मांजराला निदान कुणी ‘ईटीए काय?’ असं विचारत नव्हतं.

लढायला हिंजवडीत हरकत नसते. रोज दोनचार जण काच खाली करून लढतातच. पळायला मात्र वाव नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी रात्री पावणेदोनला मला जाग आली ती मी मरतोय या खात्रीने. छातीत कुणीतरी उखळात मुसळ घालावं तसं चाललेलं. बोटांना मुंग्या, कपाळावर घाम, श्वास वरच्या वर. मी शांतपणे उठलो (माझ्या मते शांतपणे, बायको म्हणते मी दाराची कडी उलटी ओढत होतो) आणि मेडिक्लेमचं कार्ड, टर्म इन्शुरन्सची पॉलिसी, बँकेच्या पासवर्डांची चिठ्ठी असं सगळं एका फाइलमध्ये लावायला घेतलं. पॉलिसीची एक प्रत घरी राहावी म्हणून प्रिंटर सुरू केला. त्या आवाजाने बायको उठली.

“काय चाललंय?”

“मला बहुतेक हार्ट ॲटॅक आलाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं. “हार्ट ॲटॅक आलेला माणूस झेरॉक्स काढत नाही,” म्हणाली. पण गाडीची किल्ली तोवर तिच्या हातात आली होती आणि तिचाही हात थरथरत होता.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर होता, आमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्या मुलांच्या वयाचा. ईसीजी काढला, रक्त घेतलं, दोन तास झोपवून ठेवलं, परत ईसीजी काढला. “सगळं नॉर्मल आहे,” तो म्हणाला.

“पण मघाशी होत होतं.”

“आत्ता होतंय का?”

“आत्ता नाही.”

या संवादाने मी अंतर्बाह्य हललो. कारण सतरा वर्षं मी हाच संवाद दुसऱ्या बाजूने करत आलोय. मी बग सापडला म्हणून धावत जातो, प्रोग्राम लिहिणारा पोरगा येऊन बघतो, आणि नेमका तेव्हा तो बग साळसूदपणे गायब असतो. पोरगा खांदे उडवून म्हणतो, “माझ्या मशिनवर तर चालतंय.” तिकिटावर शेरा पडतो: नॉट रिप्रोड्यूसिबल. तिकीट बंद. त्या पहाटे माझ्या छातीचं तिकीट असं बंद झालं.

डॉक्टर भला होता. आलात ते बरंच केलंत, छातीचं दुखणं कधी घरी बसून ओळखायचं नसतं, असं आधी म्हणाला. मग म्हणाला, हा पॅनिक ॲटॅक होता. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. त्याने जीव जात नाही, जाईल असं वाटतं. मी विचारलं, “या दोन्हींत फरक कसा ओळखायचा?” तो हसला. “दहा मिनिटांनी कळतं.”

त्यानंतरचे दोन महिने मी पूर्णवेळ रुग्ण झालो. हृदयवाल्यांनी पोटाकडे पाठवलं. पोटवाल्यांनी दुर्बीण आत घालून पाहिली आणि मानेकडे बोट दाखवलं. मानवाले म्हणाले, तुम्ही खुर्ची बदला. हिंजवडीला ये-जा करणाऱ्याला ही पद्धत परकी नाही. इथे रस्ता एका खात्याचा, गटार दुसऱ्याचं, मधला खांब तिसऱ्याचा आणि खड्डा नेमका तिन्हींच्या हद्दी जुळतात तिथे. माझा खड्डाही तसाच निघाला. तो मनाच्या हद्दीत येतो हे सगळ्यांना दिसत होतं, पण म्हणायचं कुणी?

शेवटी मीच म्हणालो. आधी फोन केला तो टेली मानसला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही सेवा आहे: १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येतं. मी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं, दोनदा वाचलं, शुद्धलेखन तपासलं. पलीकडून “बोला” असा आवाज आला आणि मी कागद विसरून म्हणालो, “माफ करा हं, तुमचा वेळ घेतोय, कुणाला तरी खरी गरज असेल.” पलीकडची बाई दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही इथेही आमचीच काळजी करताय.” एवढं अचूक निदान आधीच्या दुर्बिणीनेही केलं नव्हतं.

मग वाकडला एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. पहिल्या दिवशी उशीर होईल या धास्तीने पन्नास मिनिटं आधी पोचलो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. शेजारच्या गाडीत अजून एक गृहस्थ तसेच बसलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. नंतर आत वेटिंग रूममध्येही पाहिलं नाही. तो माझ्याच कंपनीचा आयकार्डाचा पट्टा खिशात कोंबत होता.

बाईंनी मला अल्बर्ट एलिसबद्दल सांगितलं. अमेरिकेतला हा मानसतज्ज्ञ, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी त्याची विचारपद्धत आपल्या लेखनातून, व्याख्यानांतून मराठी घरांत आणली. घटना आणि भावना या दोन टोकांच्या मध्ये एक जागा असते, तिथे आपली समजूत बसलेली असते. त्रास घटना देत नाही, ही मधली बाई देते. मला हे फारच पटलं. इनपुट बरोबर आहे, आउटपुट चुकतंय, म्हणजे बग मधल्या कोडमध्ये आहे. मी उत्साहाने विचारलं, “मग हे दुरुस्त करून प्रॉडक्शनला कधी जाईल?” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं असेल यावर मी पुढचा आठवडा घालवला.

एका मानसोपचारतज्ज्ञांनी काही महिने गोळीही दिली. आईला सांगावं की नाही यावर मी बराच काथ्याकूट केला. ती एका वाक्यात म्हणाली, “बीपीची घेतेच की मी, तू ही घे.” वाईतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र ती गोळी पित्ताची असल्याचं सांगण्यात आलं. आमच्या आळीत पित्त प्रतिष्ठित आहे.

बाईंचा सगळ्यात भन्नाट उपाय होता तो काळजीची वेळ ठरवण्याचा. थॉमस बोर्कोवेक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा प्रकार तपासून पाहिला होता. दिवसभरात काळजी आली की तिला हाकलायचं नाही, भांडायचं नाही. नोंद करायची आणि सांगायचं, संध्याकाळी ये. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून मन लावून काळजी करायची. बाकी वेळी दुकान बंद.

मला हे जमण्यासारखं होतं. मी कंपनीच्या कॅलेंडरवर रोज संध्याकाळी साडेसहा ते सात अशी मीटिंग टाकली. विषय: ‘काळजी’. ठिकाण: ‘बस’. चूक एवढीच झाली की ती फक्त स्वतःला न पाठवता मी पाठवली टीमच्या ग्रुपला. चूक लक्षात येऊन घाम फुटेपर्यंत चार जणांनी ती स्वीकारली होती. एकाने विचारलं होतं, “अजेंडा आहे का?”

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं होतं चेष्टा होईल. बस विप्रो सर्कलला अडकली, साडेसहा वाजले, आणि मागच्या सीटवरून जावावाला मुलगा येऊन माझ्या शेजारी बसला. हा मुलगा सहा फूट उंच, जिममध्ये जाणारा, कधी कशाचं काही न वाटणारा. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “सर, मला रोज रात्री वाटतं की मला खरं म्हणजे काही येत नाही आणि एक दिवस सगळ्यांना कळेल.”

“कधीपासून?”

“जॉईन झाल्यापासून. आठ वर्षं झाली.”

पुढच्या सीटवरच्या डेटाबेसवाल्या बाई वळल्या. त्यांच्या सोसायटीत पाण्याचा टँकर दुपारी येतो. तो आला का, हे त्या मीटिंगमध्ये बसून टाकीच्या फोटोवरून बघत असतात. टाकी भरलेली दिसली की टँकरवाला उद्या येईल का, हे सुरू. एकाला व्हिसाचं. एकाला एआयचं, तो स्वतःच एआयच्या टीममध्ये आहे आणि म्हणे कुऱ्हाडीचा दांडा झालोय. पगारपत्रकं बघणारी एक मुलगी आहे, तिला आईवडिलांचा फोन रात्री नऊनंतर आला की उचलायच्या आधीच रडू येतं. “आणि उचलल्यावर?” “ते विचारतात, जेवलीस का.”

गंमत अशी की दुसऱ्याची काळजी मला लगेच दोन किंवा तीन नंबरची दिसायची. टँकर? अहो, तो येतोच रोज. व्हिसा? नाही मिळाला तर इथेच राहशील. त्यांनाही माझा गॅस अगदीच चार नंबरचा वाटायचा. डेटाबेसवाल्या बाईंनी तर हसून विचारलं, “चाळीस वर्षांत किती वेळा चालू राहिला होता हो?” एकदाही नाही. मी हिशेब कधी केलाच नव्हता. टेस्टर असून.

बरोब्बर सात वाजता मी “वेळ संपली” म्हणायचो आणि सगळे मुकाट्याने हेडफोन लावायचे. तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांनी आरशातून विचारलं, “ही भिशी आहे का?” सांगितल्यावर म्हणाले, “तुमी अर्धा तास काळजी करून उतरता. मला हीच बस घेऊन माघारी यायचंय याच रस्त्यानं.” त्यांनाही आम्ही सभासद करून घेतलं. पण ते चालवताना बोलायचे नाहीत, फक्त “खरंय” म्हणायचे.

कंपनीनेही आमच्या मनःस्वास्थ्यासाठी काही केलं नाही असं नाही. माइंडफुलनेसचं सत्र झालं, दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, हजेरी सक्तीची. गुरू पडद्यावर होते. आता या क्षणात राहा म्हणाले. त्या क्षणी माझ्या पडद्यावर अकरा न वाचलेले मेसेज होते आणि पोटात कावळे. श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले. काळजी करणाऱ्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगणं म्हणजे चोराला तिजोरीवर लक्ष ठेवायला सांगणं. मी लक्ष दिलं मात्र, मला श्वास घ्यायचा कसा तेच आठवेना. एक गोष्ट तेवढी उपयोगी पडली: श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून सोडायला जास्त लावायचा. आपण हुश्श करतो तसं. हे आमच्या आजीला येत होतं, फक्त तिच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, पाचला दहा कमी असताना, मॅनेजरचा मेसेज आला: ‘सोमवारी अकराला दहा मिनिटं बोलू या?’

बस्स. पुढे मागे काही नाही. हसरा चेहरा नाही, अंगठा नाही. मी ते वाक्य शनिवारी सकाळपर्यंत इतक्यांदा वाचलं की त्याचा अर्थ गळून फक्त अक्षरं उरली. दहा मिनिटं का? चांगली बातमी दोन मिनिटांत सांगून होते, वाईट बातमीला अर्धा तास लागतो. दहा म्हणजे काय? ‘बोलू या’मध्ये ‘या’ वेगळा का? सेशनमध्ये शिकलेलं सगळं मी करून पाहिलं. संध्याकाळी साडेसहाची वेळ पाळली, फक्त ती रविवारी रात्रीपर्यंत चालली. एक्सेलमध्ये घरखर्चाचा तक्ता झाला. चिंचवडचा फ्लॅट भाड्याने गेला. आम्ही वाईला परत आलो, मुलगी आमच्या जुन्या शाळेत जायला लागली, मी गणपतीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हळदीचं दुकान टाकलं. वाईची हळद चालायला हवी. पण समोरच एकाने दुसरं दुकान काढलं आणि रविवारी रात्री अकरापर्यंत माझं दुकान तोट्यातही गेलं.

सोमवारी अकराला मी आत गेलो. मॅनेजर माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो उठला, बसला, दार लावलं, पुन्हा उघडलं. मग एका दमात म्हणाला की गिऱ्हाइकाने प्रोजेक्ट थांबवलाय, पंधरा जण मोकळे होतायत, तुम्ही सध्या बेंचवर. बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि नवं काम किती दिवसांत सापडतं त्याच्यावर पुढचं सगळं.

मी म्हणालो, “बरं.”

तो थांबला. त्याची तयारी बहुधा यानंतरच्या दृश्याची होती. “म्हणजे सर, तुम्हाला काही विचारायचं असेल…”

मला काही विचारायचं नव्हतं. बेंचच ना? मी हळदीच्या दुकानाच्या तोट्यातून नुकताच आलो होतो. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता आणि टेबलावरचा हात थांबत नव्हता. अजून चौदा जणांना त्याला हेच सांगायचं होतं. मी उठून त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, “आधी श्वास सोडा. घ्यायचं नंतर बघू. सोडताना जरा जास्त वेळ.” त्याने सोडला. आम्ही तीनचार वेळा बरोबर केलं. काचेच्या भिंतीतून बाहेरच्यांना हे कसं दिसलं असेल कुणास ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत अफवा होती की मला प्रमोशन मिळालंय.

त्या रात्री मी साडेदहाला झोपलो तो सकाळी सातला उठलो. बायको मात्र जागी होती.

“तू असा शांत कसा आहेस?” ती म्हणाली. “मला भीती वाटायला लागलीय.”

गॅस बघून आलो असं मी तिला सांगितलं, तेव्हा कुठे तिला जरा बरं वाटलं.

बेंचवर माणसाला पहिल्यांदा हिंजवडी दिसते. एरवी हिंजवडी म्हणजे काचेच्या इमारती आणि त्यांच्यामधला न हलणारा रस्ता. मुळशी तालुक्यातलं हे एक गाव आहे, त्याला वेस आहे, वाडे आहेत, देव आहे, ही गोष्ट आम्हा सतरा वर्षं ये-जा करणाऱ्यांना फक्त प्रशासन विभागाच्या मेलमधून कळते. दरवर्षी चैत्रात एक मेल येतो: स्थानिक यात्रेमुळे वाहतुकीत बदल, शक्य असल्यास घरून काम करावे. ती यात्रा म्हातोबाची. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडपर्यंत बगाड निघतं. गळकऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचतात आणि त्याला बगाडावर चढवून मिरवणूक काढतात. आमच्या वाईजवळ बावधनलाही रंगपंचमीला बगाड असतं (इकडचं चांदणी चौकाजवळचं बावधन नव्हे, ते वेगळं), पण लहानपणी गर्दीत चेंगराचेंगरी होईल या भीतीने मी ते कायम आत्याच्या गच्चीवरून, तेही कठड्यापासून चार फूट लांब उभा राहून पाहिलेलं.

यंदा मला घरून करण्यासारखं काम नव्हतं. त्यामुळे गेलो. एकटाच. पाण्याची बाटली, ओआरएसचं पाकीट, रक्तगट लिहिलेली चिठ्ठी खिशात. गुलालाने रस्ता दिसत नव्हता. ज्या चौकात मी आयुष्याची इतकी वर्षं हॉर्न ऐकत काढली तिथे एकही गाडी नव्हती. हलगी वाजत होती आणि माणसंच माणसं. “म्हातोबाच्या नावानं चांगभलं!” असा गजर उठला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, पण हे धस्स सगळ्यांच्याच छातीत एकदम होत होतं, त्यामुळे कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

मग बगाड आलं. गळकरी वर होता. पाठीत गळ, अंगभर गुलाल, खाली हजारो डोकी. माझ्या पोटात गोळा आला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. शिवाजी चौकात बसच्या खिडकीशी रोज दिसतात त्यातला एकही चेहरा तसा नसतो.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा होते, पांढरी टोपी, हातात काठी. माझ्या तोंडून निघून गेलंच.

“बाबा, त्या गळांना गंज नाही ना? त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात का हो आधी?”

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझे बूट पाहिले, शर्टाच्या खिशातून डोकावणारा ओआरएस पाहिला.

“कंपनीत हाय का तुमी?” ते म्हणाले, आणि माझ्या कपाळाला गुलाल लावला.